भरावातली बटणं

गॅसच्या पाइपासाठी कोलबाडात आमच्या गल्लीत
कमरेइतका चर खणला,
आणि उपसलेल्या मातीतून
तळमजल्यावरच्या ओजसने मूठभर बटणं आणली.
"कुंदाआजी, पोर्तुगीजांची असतील ना?"

पोर्तुगीजांची. बरं.
आधी पाण्यात घाल म्हटलं, साबण नको,
जुना टूथब्रश आण,
आणि चाळणी. चहाची नको रे, पिठाची.

तेवीस निघाली.
डब्याच्या झाकणावर मांडली, भोकं वर करून.
मग एकेक उचलून ओठाला लावलं.
तो म्हणाला, शी.
शी काय? बोटं फसतात, ओठ फसत नाही.
शिंपल्याचं बटण भर दुपारीही गार लागतं,
दातावर घासलं तर किंचित कचकचतं.
प्लास्टिक लगेच कोमट होतं,
जो हातात घेईल त्याच्या बाजूचं.

सुई तापवून पाठीला टेकवली:
शिंगाला जळक्या केसांचा वास,
बेकेलाइटला जुन्या दवाखान्याच्या फरशीचा.
दोन शिंपल्याची, एक शिंगाचं, एक बेकेलाइट.
आणि एक पितळी, मागे कडी,
पुढे झिजून गेलेला नांगर.

ओजस उभाच राहिला. आरमार!

समोरच्या बेर्नादेतने चष्मा वर सरकवला.
"कसलं आरमार, बँडवाल्याचं आहे.
आमचा सिल्वेस्तर काका कॉर्नेट वाजवायचा,
कोटाला असेच नांगर.
पाच नांगर आणि सहाव्या जागी सेफ्टी पिन."
मग घेऊन जा म्हटलं.
तिने तळहातावर ठेवलं, वजन केल्यासारखं,
आणि परत झाकणात टाकलं.
"त्याचं नसलं तर?"

राहिली अठरा.
ती मी ओठाला लावलीच नाहीत.
राखाडी पांढरी, अठरा लाइनची, चार भोकांची,
आणि प्रत्येकीचं चौथं भोक
काठाकडे घसरलेलं.

वागळे इस्टेट, रात्रपाळी, तीन नंबरचं मशीन.
ड्रिल वाकलं होतं.
ड्रिलवर शेवंता पागधरे, चेकिंगला मी.
पहाटेपर्यंत चौदा किलो माल बाद केला,
माझ्या सहीने.
वेलणकर साहेबांनी ड्रिलचे पैसे
तिच्या पगारातून कापले.
ती मला काही बोलली नाही.
फक्त डबा उघडताना
माझ्याकडे पाठ करून बसायला लागली,
कंपनी बंद होईपर्यंत.

बाद माल कुठे जातो, कोण विचारतं?
ट्रक यायचा, भरायचा, जायचा.
कुठे खड्डा होता, कुठे डबकं होतं,
कुणाला इमारत बांधायची होती.
पुढे मी पीएफच्या पैशात
दुसऱ्या मजल्यावर हे घर घेतलं
आणि भिंतीला हात लावून म्हटलं होतं, पक्कं आहे.

ओजसने वही उघडली. "काळ कुठला लिहू?"
सत्त्याऐंशी, म्हटलं. पावसाळ्याच्या आधी.
"एवढं नवीन?" तो हिरमुसला.
मग, पोरच ते,
"पण सापडली तर जमिनीखालीच ना?"

त्याच्या शाळेच्या शर्टाची बाही उघडी होती.
मी सुईत दोरा ओवला,
त्यातलं एक बटण घेतलं
आणि तीन भोकांतून टाके घातले.
ओढून पाहिलं. बसलं.
पुन्हा ओढलं, जरा जोरात.

बसलं होतं गं, शेवंता.
तीन भोकांवरही बसत होतं.

उद्या गटाराच्या बाजूने खणणार आहेत म्हणे.
चाळणी मी धुतलेली नाही,
जिन्यात ठेवलीय, दाराबाहेर.